वज्रलेप

आमच्या घरांत काळ्या रंगास मान आहे तो वर्षांतून एकच दिवस, आणि तो म्हणजे संक्रांतीचा. त्या दिवशीं चंद्रकळा नेसावी, बोरनहाणाच्या मुलास काळें झबलें घालावें, आणि दुसऱ्या दिवशीं तें सारें घडी करून ट्रंकेंत टाकावें, असा मातोश्रींच्या वेळेपासूनचा परिपाठ. म्हणून आमच्या थोरल्या बंधूंच्या धाकट्या चिरंजीवानें, ज्यास घरांत सर्व जण बाळ म्हणतात आणि ज्याचें वय आतां अडतीस आहे, २०२५ सालच्या नवरात्रांत मोटार घरीं आणली आणि ती काळी कुळकुळीत निघाली, तेव्हां वहिनींनीं ओवाळणीचें तबक हातीं घेऊन पहिला प्रश्न केला तो हा, "अरे, दुसरा रंग शिल्लक नव्हता का?"

गाडी जर्मनीची, पोर्शे कारखान्याची, नांव ९११. या आंकड्याची एक गोष्ट बाळनें सांगितली ती आम्हांस फार आवडली. १९६३ सालीं फ्रांकफुर्टच्या प्रदर्शनांत ही जात प्रथम मांडली तेव्हां तिचें नांव ९०१ असें होतें. परंतु मध्यें शून्य असलेले तीन आंकडी आंकडे गाड्यांस देण्याचा हक्क आपला आहे, अशी हरकत प्यूजो या फ्रेंच कंपनीनें घेतली, आणि शून्य जाऊन त्याच्या जागीं एक आला. शून्याच्या भांडणांत आम्हां हिंदुस्थानच्या लोकांस कोणी विचारलेंहि नाहीं!

आमचें कुटुंब लागून असलेल्या दोन फ्लॅटांत मिळून नऊ माणसांचें. त्यांत ही गाडी पुढें दोघांची सोय करते. मागें आणखी दोन आसनें आहेत, पण त्यांवर बसणारानें पाय घरीं ठेवून यावें हें बरें. इंजिन मागच्या अंगास आणि सामानाची पेटी पुढें, असा सारा उलटा संसार. किमतीविषयीं दादांनीं विचारलें नाहीं व बाळनें सांगितली नाहीं. एकत्र कुटुंबांत असले कांहीं प्रश्न न विचारलेलेच बरे असतात.

घरांतील पूजाअर्चा आमच्याकडे. आम्ही जुन्या अकरावीपर्यंत शिकलेले, पाठशाळेंत पांच वर्षें घासलेले आणि पुढें चाळीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलेले. तेव्हां दसऱ्यास गाडीची पूजा आम्हींच करावयाची होती. यंत्राची पूजा करावी म्हणून मागचें झांकण उघडविलें, तों आंत दोन पंखे तेवढे दिसले, इंजिन कोठेंच नाहीं. शेवटीं पुढच्या झांकणावर ओल्या कुंकवानें स्वस्तिक काढलें, अक्षता वाहिल्या, झेंडूचा हार घातला, चाकांखालीं लिंबें ठेवलीं. नारळ मात्र दूर फरशीवर फोडला. "काका, गाडीवर नको," अशी ताकीद आधींच मिळाली होती.

दुसऱ्या दिवशीं पहांटे फिरावयास जातांना आम्हीं पाहिलें तों कुंकू वाळून ओघळलेलें, अक्षता चिकटलेल्या, आणि त्यावर शेजारच्या पाडलेल्या वाड्याच्या जागेवरून उडालेली बारीक धूळ. बाळ खालीं येण्यापूर्वीं सर्व लख्ख करून ठेवावें, असें आमच्या मनांत आलें. खांद्यावर पंचा होता. तो कोरडाच घेऊन आम्हीं तें झांकण पुसलें. गोल गोल, दाब देऊन, चाळीस वर्षें फळा पुसला तसें. पुसून झाल्यावर दोन पावलें मागें सरून पाहिलें आणि समाधानानें फिरावयास गेलों.

तळघरांतील ट्यूबच्या उजेडांत कांहींच दिसलें नव्हतें. रविवारीं बाळनें गाडी उन्हांत काढली तेव्हां पुढच्या झांकणावर कोळ्याचें जाळें विणल्यासारखीं वर्तुळांत वर्तुळें चमकूं लागलीं. पांढऱ्या गाडीवर हें दिसलेंच नसतें. पांढरा रंग स्वतःच चहूंकडे उजेड फेंकीत असतो, त्यांत एखाद्या ओरखड्याचा उजेड हरवून जातो. काळा रंग कांहींच परत देत नाहीं, म्हणून त्यावरची केसाएवढी रेघहि एकटी उठून दिसते. हें आम्हांस पुढें कळलें. त्या रविवारीं कळलें तें एवढेंच कीं, हीं वर्तुळें आमच्या हाताचीं आहेत.

आमच्या इमारतींतील गाड्या धुणारे एक गृहस्थ आहेत. मूळचे मराठवाड्यांतील, वय पन्नाशीचें. सर्व लहानथोर त्यांस मामा म्हणतात. पहांटे पाण्याचा पंप चालू करावयाचा, मग गाड्या धुवावयाच्या, आणि गाडीमागें महिना ६०० रुपये घ्यावयाचे, असा त्यांचा चरितार्थ. बाळनें त्यांस हांक मारली आणि चार माणसांदेखत नाहीं नाहीं तें सुनावलें. मामा म्हणाले, "साहेब, मी पाणी मारल्याबिगर फडकं लावत नाही." "मग हे कुणी केलं?" बाळनें विचारलें. मामांनीं एकदां आमच्याकडे पाहिलें आणि मान खालीं घातली. घरांतील वडील मनुष्य म्हणून आम्ही मध्यस्थी करावी अशी त्यांची अपेक्षा असावी, असा त्या पाहण्याचा अर्थ आम्हीं त्या वेळीं लावला. आमच्या हातांत दुधाची पिशवी होती. ती घेऊन आम्ही वर आलों. आमच्या घरच्या तिन्ही गाड्यांचें काम मामांकडून त्याच दिवशीं गेलें. दिवाळी तोंडावर आली होती.

भीति म्हणावी तर कसली होती? बाळनें आम्हांस ब्र देखील काढला नसता. पण आपल्या हातून वेडेपणा झाला हें पुतण्यापुढें कबूल करावयाचें, आणि तेंहि आतां मामांच्या देखत, यास जीभ वळली नाहीं. आणि पहिल्या घटकेस जी वळली नाहीं ती पुढें दर दिवसास जड होत गेली. वर्गांत खडू कोणीं फेंकला हें कळेपर्यंत सबंध वर्ग उभा करून ठेवणारे आम्ही! नऊ दिवस आम्ही पंपाच्या खोलीवरून जाण्याचें टाळून मागच्या जिन्यानें ये-जा केली. गुडघे दुखत होते, तरी जिनाच बरा वाटे.

इकडे बाळनें निराळाच बेत ठरविला. झांकणावरचे ओरखडे काढून घ्यावयाचे, आणि मग सबंध गाडीस एक पारदर्शक कातडें चढवावयाचें, म्हणजे पुन्हां कोणाच्या फडक्याची भीति नको. हें कातडें पॉलियुरेथेन नांवाच्या एका लवचिक प्लॅस्टिकचें असतें. व्हिएतनामच्या युद्धांत हेलिकॉप्टरचीं पातीं वाळूनें झिजत, तीं वांचविण्यासाठीं अमेरिकेंत याचा प्रथम उपयोग झाला, आणि पुढें तें मोटारींवर आलें. जाडी सुमारें २०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पांचवा हिस्सा. गाडीच्या रंगाचे सर्व थर एकत्र केले तरी ते साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात; तेव्हां अंगापेक्षां अंगरखाच जाड म्हणावयाचा. वर किरकोळ ओरखडा उठला तर उन्हानें किंवा कढत पाण्यानें तो आपोआप बुजतो.

बाळनें हें समजावून दिलें तेव्हां आम्ही म्हणालों, "मग हा वज्रलेपच कीं!" वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वज्रलेपाचें एक प्रकरणच आहे. कच्चीं टेंभुर्णीं, कच्चीं कवठें, सांवरीचीं फुलें इत्यादि पदार्थ पाण्यांत उकळून अष्टमांश काढा उरवावयाचा, त्यांत राळ, गुग्गुळ वगैरे घालून तो लेप देवालयें, मूर्ति, भिंती यांस ऊनऊन लावावयाचा. आणि तो टिकतो किती, तर सहस्रायुत, म्हणजे एक कोटि वर्षें. पंढरपूरच्या मूर्तीची झीज थांबावी म्हणून जो रासायनिक लेप देतात त्यासहि आपण वज्रलेपच म्हणतों. बाळ म्हणाला, "आमची कंपनी दहाच वर्षांची हमी देते, काका."

या कातड्याचे दोन प्रकार: एक झगझगीत, दुसरें साटिणीच्या झाकेचें. बाळनें दुसरें पसंत केलें. दादांचें म्हणणें असें कीं, दोन लाखांवर रुपये देऊन असलेली चकाकी घालवावयाची हा कोठला व्यवहार? आम्हांस विचाराल तर हिशेब दादांचाच बरोबर होता; त्या रकमेंत आमच्या नोकरीचीं पहिलीं दहा वर्षें मावलीं असतीं. परंतु घरांत आम्ही त्या दिवसांत कोणाच्याच विरुद्ध बोलत नव्हतों.

आक्टोबरच्या १४ तारखेस बाळ आम्हांस बरोबर घेऊन निघाला. घरांत रिकामे आम्हीच, आणि पुढचें दुसरें आसनहि रिकामें. कारखाना बाणेरच्या पलीकडे. आंत शिरतांना पादत्राणें बाहेर ठेवविलीं, उपरणें काढून घेतलें, जमीन ओली करून ठेवलेली. कारण धुळीचा एक कण किंवा कापडाचा एक तंतु कातड्याखालीं गेला तर तो तेथें कायमचा फोड होऊन बसतो. आमच्या आजीचें सोंवळें कडक म्हणून आळींत प्रसिद्ध होतें, पण या मंडळींनीं तिलाहि मागें टाकलें असतें.

कारागीर सोलापूरकडचा, तिशीच्या आंतला. त्यानें प्रथम गाडी धुतली, मग तिजवर एक द्रव फवारला, तों थोड्याच वेळांत काळ्या अंगावरून जांभळे ओघळ वाहूं लागले. ब्रेकांच्या झिजेचे लोखंडाचे सूक्ष्म कण त्यांत विरघळत होते. मग चिकणमातीसारखा एक गोळा ओला करून साऱ्या अंगावरून फिरविला. पुसून कोरडी झाल्यावर खोलींतले सर्व दिवे मालवले आणि एकच प्रखर दिवा पुढच्या झांकणाजवळ आणला.

तें जाळें उन्हांत दिसलें होतें त्याहून दसपट स्पष्ट दिसूं लागलें. फेरे मोजतां आले असते. आमचा हात कोठें सुरू झाला, कोठें जोर लागला, आणि कोठें दमून थांबला, हें सारें त्यांत लिहिलें होतें.

कारागिरानें बोट दाखवून म्हटलें, "हे गोल बघा. कोरड्या कपड्याचे आहेत. धुणारे लोक असंच करतात."

"आमच्याकडच्या माणसाचंच काम," बाळ म्हणाला. "काढून टाकलं त्याला."

"बरं केलंत. अर्ध्या तासात जाईल हे. पण फिल्मच्या आधीच काढावं लागतं. एकदा ती बसली की खालचं खालीच राहिलं. मग ती उतरवीपर्यंत त्याला हात लावता येत नाही." असें म्हणून त्यानें घासण्याचें यंत्र उचललें.

तीर्थक्षेत्रीं केलेलें पाप वज्रलेप होतें, असें आमच्या लहानपणीं वडील माणसें म्हणत. त्या वेळीं ही म्हण कशी आठवली कोण जाणे. अर्ध्या तासांत हीं वर्तुळें नाहींशीं होणार होतीं. वर कातडें चढणार होतें. त्यानंतर कोणी विचारणार नव्हतें, आणि आमच्या हातचा पुरावा जगांत कोठें राहणार नव्हता. मामांचें नांव मात्र बाळच्या मनांत होतें तसेंच, आणि आतां चांगलें पक्कें होऊन, राहणार होतें.

"थांबा," आम्ही म्हणालों.

कारागिरास वाटलें, म्हाताऱ्यास यंत्राच्या आवाजाचा त्रास होईल. त्यानें कानांत घालावयाचे बोळे पुढें केले. ते हातांत घेऊनच आम्हीं बाळकडे वळून सांगितलें, "बाळ, हें मीं केलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीं. पंच्यानें पुसलं." लिहितांना 'आम्ही' म्हणण्याची आमची जुनी खोड आहे, तेथें एकवचनच तोंडीं आलें.

बाळ कांहीं वेळ झांकणाकडेच पाहत राहिला. गाडीबद्दल तो आतां कांहीं बोलेल असें आम्हांस वाटलें. तो म्हणाला, "काका, मी मामांना काय काय बोललो!" आणि थोडें थांबून, "तुम्ही तिथं होतात."

"होतों."

याहून अधिक तो बोलला नाहीं. कारागिरानें आमच्या हातांतले बोळे हळूच परत घेतले आणि यंत्र चालू केलें.

पुढचें काम मात्र पाहण्यासारखें होतें, आणि मनाची ती अवस्था असूनहि आम्हीं तें पाहिलें. घासणें म्हणजे ओरखडा भरून काढणें नव्हे. रंगाच्या वरचा जो पारदर्शक थर चाळीसपन्नास मायक्रॉनांचा असतो, त्यांतील एकदोन मायक्रॉन सर्वत्र सारखा उतरवावयाचा, म्हणजे ओरखड्याच्या काठास काठच उरत नाहीं. म्हणून हें वारंवार करतां येत नाहीं. थर तेवढाच असतो. मग पांच फूट रुंदीच्या गुंडाळीतून कातडें उलगडलें. गाडीवर साबणाच्या पाण्याचा फवारा, कातड्याच्या चिकट अंगासहि तोच फवारा, आणि दोघांनीं दोन टोकें धरून तें अलगद अंथरलें. ओलें आहे तोंवर तें हवें तसें सरकवतां येतें. मग रबराच्या पट्टीनें मधून कडेकडे पाणी हांकीत न्यावयाचें. ज्या कडा धरून ठेवावयाच्या तेथें स्पिरिटमिश्रित पाणी लावतात, म्हणजे चिकटा तेथल्या तेथें धरतो. पुढच्या बंपराच्या खोलगट वळणाशीं तो तरुण दीड तास बसला होता. साटिणीचें कातडें फाजील ताणलें तर ताणल्या जागीं चकाकतें आणि मग तें फेंकूनच द्यावें लागतें. उलट ढिलें सोडलें तर सुरकुती राहते. ऊन वाऱ्याची नळी एका हातांत, पट्टी दुसऱ्या हातांत, आणि मध्येंच तो श्वास रोखून धरी. व्याकरण शिकविणारांत असा धीर आम्हीं फार थोड्यांच्या ठिकाणीं पाहिला. आमच्या ठिकाणीं तर नव्हताच.

गाडी तेथेंच ठेवून संध्याकाळीं रिक्षानें परत आलों. बाळ वर न जातां नीट पंपाच्या खोलीकडे गेला. आम्हीहि मागोमाग गेलों. मामा स्टोव्हवर चहा करीत होते. बाळ म्हणाला, "मामा, माझं चुकलं. ते काकांच्या हातून झालं होतं. मी न विचारता तुम्हाला बोललो." आम्हीहि म्हणालों, "मामा, मीं तेव्हांच सांगावयास हवं होतं."

मामांनीं स्टोव्ह बारीक केला. "गुरुजी, मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "त्या दिवशी पंप लावायला मी खालीच होतो. तुम्ही पुसताना बघितलं मी."

"मग त्या वेळीं बोललां कां नाहीं?"

"तुम्ही तिथंच उभे होता की. मला वाटलं, आता सांगाल."

रविवारच्या त्या एका पाहण्याचा अर्थ आम्हांस नऊ दिवसांनीं कळला. संस्कृतांतले अवघड अन्वय लावण्यांत आमचा जन्म गेला आहे.

गेलेल्या दिवसांचे पैसे बाळनें पुढें केले ते मामांनीं मोजून घेतले. दिवाळीची पोस्तहि घेतली. दादांची गाडी आणि बाळची जुनी गाडी पुन्हां करीन म्हणाले. "काळी मात्र नको, साहेब. तिला कायबी झालं तरी पहिलं नाव माझंच येणार." बाळनें फार आग्रह केला, ते ऐकेनात.

वसुबारसेच्या दिवशीं गाडी घरीं आली. वहिनी सवत्स धेनूची पूजा आटोपून येत होत्या, त्यांनीं गाडीकडे पाहिलें आणि म्हणाल्या, "अगबाई, ही तर पाटी झाली!" त्याहून नेमका शब्द आम्हांस सुचला नसता. पूर्वीं तिच्या अंगांत समोरची इमारत, तारा, आपलें स्वतःचें तोंड, सारें आरशासारखें दिसे. आतां उजेड तिच्यावर पडतो आणि विखरून मऊ होतो. आकार दिसतो, पण त्यांत आपलें तोंड दिसत नाहीं. ओल्या फडक्यानें नुकती पुसून उन्हांत वाळत ठेवलेली दगडी पाटी जशी दिसे, तशी ती दिसते. दादांनाहि ती पसंत पडली असावी, कारण त्यांनीं चष्मा काढून तिच्याभोवतीं एक फेरी घातली. मात्र पैशांविषयींचें आपलें मत त्यांनीं बदललेलें नाहीं.

पहिला आठवडाभर तिला पाणी लावावयाचें नव्हतें. कडांशीं कोठें कोठें पाण्याचे अंधुक डाग राहिले होते ते आपोआप वाळून गेले. तिची निगा वेगळी: मेण लावावयाचें नाहीं, घासून चमकवावयाचें तर मुळींच नाहीं, आणि पांखरांनीं घाण केली तर ती ताबडतोब धुऊन काढावयाची. मामा तिला हात लावीत नाहींत, बाळला वेळ नाहीं. म्हणून दिवाळीनंतर तें काम आम्हीं मागून घेतलें आहे. दर रविवारीं सकाळीं दोन बादल्या, एक साबणाच्या पाण्याची व एक फडकें खळबळण्याची, घेऊन आम्ही तळघरांत उतरतों. मामा आपल्या स्टुलावर बसून चहा पीत असतात. अजून जुनी संवय जात नाहीं. झांकणाशीं आलों कीं हात आपोआप फिरूं लागतो.

"गोल नको, गुरुजी," मामा तेथूनच सांगतात. "वरून खाली. सरळ."